स्वखर्चाने छापलेले कॉमिक आणि त्याचे हक्क: निन्जा टर्टल्सच्या वाटचालीबद्दल प्रश्न

नौपाडेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र मिळून एक कृष्णधवल कॉमिक काढतो. कथा ठाण्याच्या खाडीकाठी घडते. लेखन माझे, चित्रे मित्राची आणि छपाईचा खर्च दोघांचा. वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यातून काढलेला पहिला अंक पुस्तक प्रदर्शनांतून आणि ओळखीच्या दुकानांतून हळूहळू संपला, दुसराही बरा चालला आहे. आता ॲनिमेशनच्या क्षेत्रातल्या एका कंपनीने आमच्याशी संपर्क साधला असून, एकरकमी मोबदला घेऊन पात्रांचे सर्व हक्क कायमचे त्यांच्या नावे करून द्यावेत, असा त्यांचा प्रस्ताव आहे. रक्कम आमच्या दृष्टीने लहान नाही. दोन्ही अंकांचा छपाईखर्च वजा जाऊन पुढच्या काही अंकांची सोय होईल, एवढी ती आहे.

मित्राचे म्हणणे असे की अमेरिकेतल्या टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्सची सुरुवातही अशीच दोन माणसांनी घरी बसून केली होती आणि पुढे त्यातून मालिका, खेळणी, चित्रपट असा प्रचंड व्यवसाय उभा राहिला. मला मात्र वाटते की ती लाखात एखादी घटना आहे आणि तिच्या आधारावर आपण आपले व्यवहार ठरवू नयेत. लहानपणी केबलवर ते कार्टून पाहिले असले, तरी मूळ कॉमिक कसे होते आणि नेमके कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय झाला, हे आम्हा दोघांनाही नीट ठाऊक नाही. जाणकारांनी सांगावे, आणि त्यातले इथे लागू पडेल असे काय आहे तेही सांगावे.

ऐरोलीचा संग्राहक

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या कहाणीची आता दंतकथा झाली आहे आणि दंतकथेत पहिला बळी हिशोबाचा जातो.

नोव्हेंबर १९८३ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डोव्हर या गावी केव्हिन ईस्टमनने निव्वळ गंमत म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधलेले, नानचाकूधारी कासव काढले. पीटर लेअर्डने त्यावर आपले चित्र काढले, मग एकाची चार कासवे झाली आणि त्यांना युरोपीय प्रबोधनकाळातल्या कलावंतांची नावे मिळाली. त्या काळी अमेरिकेतल्या लोकप्रिय कॉमिक्समध्ये निन्जा आणि उत्परिवर्तित (म्युटंट) किशोर या दोन्हींची लाट होती, आणि या दोघांनी दोन्हींची एकत्र थट्टा केली होती. प्राप्तिकराचा परतावा, थोडी शिल्लक आणि ईस्टमनच्या काकांकडून घेतलेले उसने पैसे यांच्या बळावर सुमारे ३,००० प्रती छापल्या गेल्या आणि ५ मे १९८४ रोजी पोर्ट्समथच्या एका हॉटेलात भरलेल्या लहानशा कॉमिक संमेलनात अंक विक्रीला आला. किंमत दीड डॉलर.

आता ज्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते ती सांगतो. छपाईनंतर हाती उरलेले पैसे त्यांनी कॉमिक्सच्या व्यापारात वाचल्या जाणाऱ्या ‘कॉमिक्स बायर्स गाइड’ या साप्ताहिकात जाहिरात देण्यासाठी वापरले. ही जाहिरात वाचकापेक्षा दुकानदाराच्या आणि वितरकाच्या डोळ्यांसमोर यावी, असा त्यात हिशोब होता. अमेरिकेत १९७० च्या दशकात केवळ कॉमिक्स विकणाऱ्या दुकानांची एक स्वतंत्र साखळी तयार झाली होती; ही दुकाने आगाऊ मागणी नोंदवत आणि न खपलेल्या प्रती परत करत नसत. त्यामुळे लहान प्रकाशकाला किती प्रती छापायच्या हे छापण्यापूर्वीच कळे आणि खपाची जोखीम दुकानदाराकडे जाई. डेव्ह सिम आणि पिनी दांपत्य यांच्यासारखे स्वयंप्रकाशक याच वाटेने १९७७-७८ पासून चालत होते, म्हणजे वाट आधीच मळलेली होती. टर्टल्सच्या पहिल्या अंकाची लगेच दुसरी आवृत्ती निघाली आणि दुसऱ्या अंकाला सुमारे १५,००० प्रतींची आगाऊ मागणी आली. आपल्याकडे माल ठेवून घेतात, खपला तर पैसे देतात आणि उरलेला परत करतात. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

त्यानंतरचा भाग हक्कांचा आहे. १९८५ मध्ये त्यांनी पहिला ठळक परवाना दिला तो पॅलेडियम या लहान कंपनीला, एका भूमिका-खेळासाठी, म्हणजे खेळाडू स्वतः पात्रांच्या भूमिका घेऊन खेळतात अशा खेळासाठी. मग मार्क फ्रीडमन हा परवाना-प्रतिनिधी त्यांच्याकडे आला आणि त्याने खेळण्यांच्या कंपन्यांचे उंबरठे झिजवले. मोठ्या कंपन्यांनी नकार दिल्यावर प्लेमेट्स ही तुलनेने लहान कंपनी तयार झाली. या प्रत्येक व्यवहारात खेळण्यांचा, मालिकेचा, चित्रपटाचा परवाना वेगळा दिला गेला आणि मूळ मालकी त्या दोघांच्या मिराज स्टुडिओजकडेच राहिली. उलट उदाहरण पाहायचे तर १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरला दिले आणि १९७५ मध्ये लोकमताच्या दबावाखाली त्यांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर निवृत्तिवेतन मिळाले. मधली ३७ वर्षे त्यांनी कशी काढली, ते वाचवत नाही. लेअर्डने मात्र टर्टल्सची मालकी २००९ पर्यंत सांभाळली आणि मग निकलोडियनच्या मूळ कंपनीला, वायाकॉमला, सुमारे ६ कोटी डॉलरला विकली. विकतानाही मर्यादित संख्येने स्वतःचे कृष्णधवल अंक काढण्याचा हक्क त्याने राखून ठेवला.

माझे मत विचाराल तर प्रस्तावातला ‘सर्व’ हा शब्द आणि ‘कायमचे’ हा शब्द, दोन्ही नाकारा. रकमेबद्दल त्यानंतर बोला.

सीवूड्स, पूर्व

ऐरोलीकरांनी दिलेला तपशील बरोबर आहे, पण त्यांनी मालकीला जेवढे श्रेय दिले आहे तेवढे मी देणार नाही. मालकी त्या काळी इतरही अनेक स्वयंप्रकाशकांकडे होती. टर्टल्सचे यश पाहून १९८६ च्या सुमारास कृष्णधवल कॉमिक्सचे पेव फुटले; किरणोत्सर्गी, कराटेपटू हॅमस्टरसारख्या प्राण्यांच्या थट्टाकथा निघाल्या, लोकांनी वाचण्यापेक्षा साठवण्यासाठी प्रती घेतल्या आणि १९८७ पर्यंत तो बाजार कोसळून अनेक दुकाने व प्रकाशक बुडाले. या सगळ्यांकडेही आपापल्या पात्रांचे हक्क होतेच. ज्या वस्तूला मागणी नाही तिचे हक्क कपाटात पडून राहतात.

मग टर्टल्सचे वेगळे काय झाले? प्लेमेट्सने अट घातली की दूरचित्रवाणीवर मालिका असेल तरच खेळणी काढू. अमेरिकेत १९८४ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांवरचे नियंत्रण सैल झाल्यापासून खेळण्यांभोवती मालिका रचण्याची पद्धत रुळली होती. त्याप्रमाणे डिसेंबर १९८७ मध्ये पाच भागांची छोटी मालिका दाखवली गेली, १९८८ मध्ये खेळणी दुकानात आली आणि मालिका पुढे १९९६ पर्यंत चालून तिचे १९३ भाग झाले. म्हणजे ज्याला आपण कार्टून म्हणून डोळ्यांत साठवले, ती व्यवहाराच्या भाषेत खेळण्यांची दीर्घ जाहिरात होती. हे मी हिणवण्यासाठी म्हणत नाही. उत्तम जाहिरात होती आणि अजूनही मला तिचे संगीत पाठ आहे.

पण त्यासाठी मूळ कथेत काय काय बदलले ते नौपाडेकरांनी आणि विशेषतः त्यांच्या चित्रकार मित्राने पाहावे. मूळ कॉमिकमध्ये चौघांच्याही पट्ट्या लाल रंगाच्या होत्या. मुलांना बाहुल्या ओळखता याव्यात आणि चारही विकत घ्याव्याशा वाटाव्यात, यासाठी चार रंग आले. मूळ कथेचा खलनायक श्रेडर पहिल्याच अंकाच्या शेवटी मरतो. मालिकेत तो दर आठवड्याला हरण्यासाठी जिवंत ठेवावा लागला. त्याचे सैनिक माणसांऐवजी यंत्रमानव झाले, कारण मुलांच्या कार्यक्रमात तलवारीने माणूस कापता येत नाही. पिझ्झाचे वेडही मालिकेनेच वाढवले. सूडाची, रक्ताची, थोडी खिन्न अशी ती गोष्ट विनोदी झाली. दोघा निर्मात्यांनी हे मान्य केले म्हणूनच गाडी पुढे गेली. नाही म्हटले असते तर मालकी शाबूत आणि पात्रे अज्ञात राहिली असती.

शिवाय आणखी एक किंमत आहे. १९९० चा चित्रपट मोठ्या स्टुडिओंबाहेर सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने जगभरात २० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. याच काळात ईस्टमन आणि लेअर्ड नमुने तपासण्यात आणि करार वाचण्यात इतके गुंतले की त्यांच्या स्वतःच्या कॉमिकचे बरेच अंक बाहेरच्या चित्रकारांनी काढले. ईस्टमनने १९९० मध्ये टुंड्रा नावाची प्रकाशनसंस्था काढून, कलावंतांना हवी ती मोकळीक देऊन, त्यात प्रचंड पैसा घालवला. लेअर्डने १९९२ मध्ये झेरिक फाउंडेशन स्थापन करून स्वयंप्रकाशकांना छपाईसाठी अनुदाने दिली, आणि मला वैयक्तिकरीत्या हा या कहाणीतला सर्वांत चांगला खर्च वाटतो. दोघे हळूहळू वेगळे झाले आणि २००० पासून ईस्टमनचा हिस्सा लेअर्डकडे जात गेला.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये रोज येत राहिला आणि त्यावरचा चित्रपट आला २०१२ मध्ये. मध्ये वीसेक वर्षांचा रोजचा वाचक होता. तुमच्याकडे दोन अंक आहेत. कंपनी तुमची पात्रे खरोखर पडद्यावर आणणार असेल, तर मी तुमच्या जागी जरा लवचिक राहीन.

चरईची वकील

मी ठाण्यात वकिली करते आणि कॉपीराइटची कामे पाहते. वरच्या दोन्ही प्रतिसादांतल्या मतभेदावर भारतीय कायद्यात बऱ्यापैकी तोडगा आहे, म्हणून लिहिते.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते. तुमच्या बाबतीत लेखन आणि चित्रे वेगवेगळ्या व्यक्तींची असल्यामुळे कंपनीशी बोलण्याआधी तुम्हा दोघांतला लेखी करार हवा: पात्रांवर कोणाचा किती हिस्सा, एकाने नकार दिला तर काय, एक जण बाहेर पडला तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरवायची. मैत्री घट्ट असतानाच हे कागद होतात.

कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी हे त्यात लिहिलेले असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. सीवूड्सकरांच्या शंकेला उत्तर देणारी तरतूद अशी की, ज्याला हक्क दिले त्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर हस्तांतरण संपुष्टात आले असे मानले जाते. मात्र करारात वेगळे लिहिले असेल तर ही तरतूद लागू होत नाही, आणि कंपन्यांच्या छापील मसुद्यांत नेमके ते वेगळे लिहिलेले असते. त्या वाक्यावर पेन्सिलने खूण करा. ‘कायमचे’ याचा अर्थ इथे लहान नाही, कारण संयुक्त कृतीत शेवटच्या लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हक्क टिकतो.

पात्राचे नाव आणि बोधचिन्ह यांचे संरक्षण व्यापारचिन्ह कायद्याखाली वेगळे होते. त्यासाठी वस्तू आणि सेवांचे वर्ग पाडलेले आहेत; व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. छापील साहित्य वर्ग १६ मध्ये, खेळणी २८ मध्ये आणि मनोरंजन ४१ मध्ये येते. तिन्ही आत्ताच घेणे परवडत नसेल तर १६ आणि ४१ घ्या. अजून एक, कंपनीने चित्रकार मित्राला पगारावर घेण्याची तयारी दाखवली तर थांबून विचार करा, कारण नोकरीच्या करारात वेगळे लिहिलेले नसेल तर त्या काळात कामाचा भाग म्हणून काढलेली नवी पात्रे कंपनीची होतात.

नौपाडेकर

सर्वांचे मनापासून आभार. मित्राला हा धागा वाचायला दिला, तेव्हा खलनायक जिवंत ठेवण्याच्या मुद्द्यावर तो बराच वेळ वाद घालत राहिला, कारण आमच्या कथेतला बिल्डर दुसऱ्या अंकात संपतो. एक शंका राहते. कंपनीला आम्ही सरळ नकार न देता प्रतिप्रस्ताव द्यायचा झाला तर तो कसा असावा? आमची बाजू दुबळी आहे, हे आम्हाला कळते.

चरईची वकील

फक्त ॲनिमेशन मालिकेचा परवाना द्या, तोही मराठी आणि हिंदीपुरता, ३ वर्षांसाठी, आणि पहिल्या १२ महिन्यांत निर्मिती सुरू झाली नाही तर आपोआप परत येईल असा. छापील कॉमिक, खेळणी आणि चित्रपट तुमच्याकडे राहतील. खेळण्यांबाबत त्यांना प्रथम विचारणेचा अधिकार (इतर कोणाला देण्याआधी त्यांना विचारायचे) देता येईल, म्हणजे त्यांनाही काही मिळाल्यासारखे वाटेल. आगाऊ रक्कम कमी घ्या, पण उत्पन्नातला टक्का आणि हिशोब तपासण्याचा हक्क लिहून घ्या. कथेत आणि पात्रांच्या रूपात बदल करण्यापूर्वी तुमची लेखी संमती लागेल, हे कलम मागा. ते मिळाले नाही, तर निदान बदललेल्या रूपाचा मूळ कॉमिकवर कोणताही हक्क सांगता येणार नाही, एवढे तरी घालून घ्या. बिल्डरचे काय करायचे ते मग त्यांनी त्यांच्या मालिकेत ठरवावे.

ऐरोलीचा संग्राहक

वरच्या प्रस्तावात एक भर. तिसरा अंक थांबवू नका. वाटाघाटी सुरू असताना अंक बाजारात असला की समोरच्याला तुमची घाई दिसत नाही. आणि तो निघाला की वाशीला प्रती कुठे मिळतील ते इथे कळवा.