मुलांसाठी वेगळं सर्च इंजिन वापरलंय का? अनुभव सांगा

आमचा मुलगा सहावीत आहे. शाळेचा प्रकल्प आला की माझा फोन त्याच्या हातात जातो आणि मी पोळ्या लाटता लाटता दर दोन मिनिटांनी बाहेर डोकावते. शेजारच्या वहिनींनी स्विसकाउज सुचवलं. स्वित्झर्लंडचं आहे, 2014 पासून चालू आहे. अश्लील निकाल दाखवत नाही आणि हा फिल्टर बंद करायची सोयच ठेवलेली नाही. आपण काय शोधलं याची नोंद ठेवत नाही, असं कंपनी सांगते. हे वाचून धीर आला, पण घरात कायमचं लावण्याआधी तुमचे अनुभव हवेत. नुसतं चांगलं-वाईट नको. काय शोधलं, काय मिळालं, कुठे अडलं, तेवढं लिहा.
– राजारामपुरी

मुलगी दुसरीत. आम्ही किडल वापरतो. नाव आणि रंग बघून गूगलचंच वाटतं, पण ते गूगलचं नाही. शोधयंत्रणा तेवढी गूगलची वापरतात. अक्षरं मोठी, चित्रं मोठी. पहिले काही निकाल माणसांनी निवडलेले, मुलांना कळतील असे; खाली जाल तशी मोठ्यांची पानं येतात. दाजीपूरला जाऊन आल्यावर तिनं गवा शोधला. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे का दिसतात, एवढ्यावरच अर्धा तास गेला आमचा. इंग्रजी मी वाचून दाखवलं. जाहिरात कुठली आणि निकाल कुठला, हे मात्र तिला आधी शिकवलं.
– कळंबा

हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. आम्हीही मुलांसाठीचं एक इंजिन लावलं होतं. नाव घेत नाही. मुलगी अकरा वर्षांची. वर्गातल्या मैत्रिणीला पाळी आली, तिथं काहीतरी कुजबुज झाली, म्हणून हिनं घरी येऊन इंग्रजीत तो शब्द टाकला. पडद्यावर एक कार्टून आलं आणि ‘दुसरं काहीतरी शोधा’ असा मजकूर. तिनं फोन उलटा करून ठेवला आणि गप्प बसली. तीन दिवसांनी रात्री दिवा घालवल्यावर विचारलं, “आई, मी घाण शब्द टाइप केला काय गं?” माझ्या पोटात कालवलं. तिला नको ते दिसू नये म्हणून मी ते लावलं होतं आणि तिनं त्यातून शिकली काय, तर हा विषयच वाईट. त्या रात्री उठून दिवा लावला, सगळं सांगितलं. सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या तारखेभोवती तिनंच पेन्सिलीनं गोल काढला. इंजिन काढून टाकलं नाही मी. लहान भावासाठी ठेवलंय.
– शिवाजी पेठ

मी घरोघरी वायफाय बसवून देतो, म्हणून सांगतो. सर्च इंजिनचा फिल्टर त्याच्याच पानापुरता. पोरानं वरच्या पट्टीत दुसरा पत्ता टाकला की खेळ खल्लास. म्हणून आधी राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला: 1.1.1.3 आणि 1.0.0.3. क्लाउडफ्लेअर कंपनीची ही फुकट सेवा 2020 पासून आहे. प्रौढांच्या साइट उघडूच देत नाही. पण एकेका पानात काय आहे हे डीएनएसला दिसत नाही, आणि फोन मोबाईल डेटावर गेला की राउटरचा काही उपयोग नाही. फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ वेगळं लावावं लागतं. गूगलच्या सेफसर्चमध्ये फिल्टर, ब्लर आणि बंद असे तीन पर्याय आहेत, पहिला निवडा. व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या क्लिपांना यातलं काहीच अडवत नाही, हे लक्षात ठेवा.
– गांधीनगर

पन्हाळा तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्या मुलांची अडचण वेगळी. ती माइकचं बटण दाबून मराठीत विचारतात: “शाहू महाराजांनी आरक्षण कधी दिलं?” मुलांची म्हणून जी इंजिनं मी वर्गात उघडून बघितली, त्यांत निवडून ठेवलेलं सगळं इंग्रजी. नको ते गाळलं, पण हवं ते आहे कुठे? 1902 साली करवीर संस्थानात 50 टक्के जागा राखीव ठेवल्या, हे मुलाला त्याच्या भाषेत मिळायला नको? मी आता थेट मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ उघडून देते. भाषा जड आहे, म्हणून नोंद मोठ्यानं वाचते आणि मुलं स्वतःच्या शब्दांत लिहितात. बालभारतीची पुस्तकं आणि ‘किशोर’चे जुने अंकही ऑनलाइन फुकट आहेत. अंक तर मुलं सोडतच नाहीत.
– एक शिक्षिका

मी दहावीत आहे. बाबांनी न सांगता फिल्टर लावला होता. विज्ञानातला पुनरुत्पादनाचा भाग शोधताना कळलं. राग फिल्टरचा नव्हता, न सांगण्याचा होता.
– कसबा बावडा

सगळ्यांचे आभार, शिवाजी पेठेतल्या ताईंचे विशेष. राउटरचं काम काल झालं. आज मुलाला फिल्टर दाखवला, कशासाठी आहे ते सांगितलं. म्हटलं, शोधून काहीच आलं नाही तर तो शब्द मला येऊन विचार. तो म्हणाला, “कुठलाही?” हो म्हटलं.
– राजारामपुरी