अनुभव धागा : बडोद्यात टीव्हीतलं माणूस समोर आलं तेव्हा

परवा घरात पुन्हा तोच वाद झाला, म्हणून हा धागा काढतेय. बडोदेकरांनो, टीव्हीतलं कुणी अवचित समोर उभं राहिल्याचा किस्सा तुमच्याही घरात असेलच. सेल्फीच्या आधीचे असतील तर उत्तमच. सुरुवात मी करते.

१९९१ची लोकसभा. 'रामायण' संपून तीन वर्षं होत आलेली, पण दीपिका चिखलिया म्हणजे सीताच. तीच बडोद्यातून भाजपकडून उभी, समोर काँग्रेसचे रणजितसिंह गायकवाड. दांडिया बाजारातल्या मराठी घरांची गोची बघा : इकडे महाराज, तिकडे सीतामाई! आजोबांच्या वडिलांची हयात राजवाड्याच्या चाकरीत गेलेली, त्यामुळे आजोबा गप्प. आजी लोणच्याच्या कैऱ्यांना हळद-मीठ चोळत बसली होती. "सीता आली" ऐकलं आणि तशीच धावली. हात कोपरापर्यंत पिवळे, म्हणून नमस्कार मनगटं जोडून. आजी म्हणायची, जीप थांबली आणि सीतामाईनं माझ्याकडे बघून हात जोडले. बाबा म्हणतात, जीप थांबलीच नाही, आणि हात ती सगळ्यांनाच जोडत होती. आजी जाऊन बारा वर्षं झाली, बाबांनी मुद्दा सोडलेला नाही. सीता निवडून आली. आजोबांनी मत कुणाला दिलं, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

•

आमची भेट अर्धीमुर्धी आहे, चालेल का? काका वापीला कारखान्यात होते आणि 'रामायण'चं शूटिंग जवळच उंबरगावला चालायचं. १९८७ची दिवाळी, मी सात वर्षांचा. हनुमान दाखवा म्हणून भोकाड पसरलं, तेव्हा काकांनी नेलं. दारासिंग काही दिसले नाहीत. झाडाखाली राक्षसांचं सैन्य मात्र शिंगं काढून ठेवून फाफडा खात बसलं होतं. त्यातल्या एकानं काकांकडे काडेपेटी मागितली, काकांनी दिली. शाळेत मी ऐटीत सांगितलं, की आम्ही रावणाच्या माणसाला काडेपेटी दिली. पोरं म्हणाली, मग लंका तुमच्यामुळेच जळाली! पुढे दहावीपर्यंत माझं नाव 'काडेपेटी'.

•

आमच्याकडचा अलीकडचा. आई फरसाणाच्या दुकानात लीलो चेवडो घ्यायला उभी. पुढच्या बाईंनी विचारलं, हा किती दिवस टिकतो हो? झालं! आईनं बटाट्याच्या ओलाव्यापासून डब्याच्या झाकणापर्यंत सगळं सांगितलं. चेहरा ओळखीचा वाटत होता, पण तिची समजूत अशी की ही मंडळाच्या हळदीकुंकवातली कुणीतरी. "सध्या कुठे असता?" "मुंबईला." "नोकरी?" "हो, तसंच काहीसं." रात्री साडेआठला तीच बाई मालिकेत सुनेला घराबाहेर काढताना दिसली. आई एवढंच म्हणाली, "बघ, चेवडा घेऊन गेली की नाही?" (नाटकाच्या प्रयोगासाठी आल्या होत्या. नाव सांगत नाही, आईची ताकीद आहे.)

•

आम्हाला कध्धी कुणी भेटलं नाही. रविवारी साडेनऊला अख्खा वाडा आमच्या खोलीत आणि आत्या टीव्हीला हार घालायची, तेवढीच काय ती भेट. हार पडद्यावर लोंबायचा, रामाचा अर्धा चेहरा झाकलेला.

•

धागाकर्ती ताई, जीप थांबली होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा, पोरांच्या घोळक्यात मागे पळत होतो. समोरून उसाची गाडी आडवी आली म्हणून थांबली, मिनिटभर तरी. पिवळ्या हाताच्या आजी आठवत नाहीत, ते खोटं कशाला सांगू.

•

थांबा, बाबांना वाचून दाखवते.

दाखवलं. चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं. म्हणाले, "उसाची गाडी कुठे आडवी आली ते विचार. आपल्या दारासमोर नसेल तर काही उपयोग नाही."