माळ्यावरचा एक्स्टेंशन बोर्ड आणि लॉकडाऊन : तुमचेही अनुभव लिहा

चहाबिस्किट

दिवाळीची साफसफाई चालू आहे. आज माळा काढला. सासूबाईंचं घंगाळं, मुलीचा पाळणा आणि त्या पाळण्यात जुन्या साडीत गुंडाळलेला एक एक्स्टेंशन बोर्ड. पांढरा होता, आता पिवळा झालाय. चार सॉकेट. प्रत्येकाखाली जखमेवर लावायची चिकटपट्टी आणि तिच्यावर नवऱ्याच्या अक्षरात 'शाळा', 'तू', 'मी'. चौथ्यावर 'आई. इस्त्री नाही!!'

खाली बसून हसत सुटले. मग जरा वेळ तशीच बसले.

डोंबिवली, वन बीएचके, पाच माणसं. २४ मार्च २०२० च्या रात्री आठचं भाषण ऐकलं तेव्हा माझा ऑफिसचा डेस्कटॉप घरी येऊन चार दिवस झाले होते. लॅपटॉप साहेबांना, आमच्यासारख्यांना डेस्कटॉप. मॉनिटर ओढणीत गुंडाळून, सीपीयू पायाशी ठेवून रिक्षातून आणला. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, कंपनी बंद पडली काय?"

२१ दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून तो शिलाई मशीनवर मांडला. तिथे तो दीड वर्ष राहिला. पायाखाली पायटा, त्यामुळे कॉलवर बोलताना मी नकळत मशीन चालवायचे.

आता इस्त्रीचं. सासूबाई जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवायच्या (रात्री, मी लॉग आउट केल्यावर). कुठल्यातरी फॉरवर्डमध्ये आलं की इस्त्री फिरवली की विषाणू मरतो. नवऱ्याचा क्लायंट कॉल, मुलीचा ऑनलाइन वर्ग, माझं महिनाअखेरचं काम आणि त्यांनी चौथ्या सॉकेटला इस्त्री लावली. फट्! अख्खं घर गपगार. त्या शांततेत मुलगी "येएए" ओरडली. त्याच संध्याकाळी लेबलं लागली.

तुमच्याकडे कोणाच्या वाट्याला कुठला प्लग? लिहा बिनधास्त. मी मध्येमध्ये येते, अजून दोन ट्रंका आहेत.

निवांत_नाना

पहिला नंबर! एक विनंती, वर शर्ट खाली बर्मुडा हा किस्सा कृपया कोणी सांगू नये. सगळ्यांचा तोच आहे.

पावकिलो

शिलाई मशीनवर डेस्कटॉप, वा! आमच्याकडे ओट्यावर, गॅसच्या बाजूला. कीबोर्डच्या फटीत अजून मोहरी निघते.

अवांतर: तेव्हा कोणाला यीस्ट मिळालं होतं का हो? मी अख्खं पुणे पालथं घातलं होतं (फोनवरून).

खजिनदारबाई

यीस्ट नाही, पण द्राक्षं मिळाली. एप्रिलमध्ये तासगावकडचा एक जण टेंपो घेऊन आमच्या गेटवर यायचा. सोसायटीच्या ग्रुपवर यादी. आधीची कॉपी करायची, खाली आपलं नाव घालायचं, पेस्ट करायचं. "१. ए-२०३, २ किलो. २. ए-५०४, १ किलो." दोघांनी एकाच वेळी पेस्ट केलं की आधीचा माणूस यादीतून गायब! बी विंगचे एक काका तीनदा उडाले. चौथ्यांदा त्यांनी यादी वगैरे काही न घालता नुसतं लिहिलं, "मी अजून जिवंत आहे. २ किलो."

तेव्हा हसलो होतो सगळे.

बेदाणा

खजिनदारबाई, त्या टेंपोच्या दुसऱ्या अंगाला आमच्यासारखेच होते. व्यापारी सौदा करून गेलेला, इसार दिलेला, माल तोडायला आलेला आणि २२ तारखेच्या जनता कर्फ्यूपासनं गड्यानं फोनच उचलला नाही. द्राक्ष काय थांबतंय व्हय? निम्मा माल शेडवर टाकून बेदाणा केला. उरलेला पुण्याला.

ऑनलाइन पैसे घ्यायचं तिथंच शिकलो. पुतण्यानं तो चौकोनी कोड छापून टेंपोच्या फाळक्याला चिकटवला. मंडळी सहा फुटांवरनं मोबाईल वर धरून स्क्रीनशॉट दाखवायची. उन्हात काय दिसतंय! मी आपला "आले आले" म्हणायचो. रात्री घरी येऊन हिशेब लावला की दोन-तीन जणांचे कमी. पण एक सांगतो, महिनाभरानं एका बाईंचा फोन आला, "दादा, त्या दिवशी माझं पेमेंट अडकलं होतं, परत पाठवते." नंबर यादीत शोधून केला होता.

भाव आम्ही सांगायचा आणि समोरच्यानं द्यायचा, हे जन्मात पहिल्यांदा बघितलं. एकच हंगाम चाललं तसं. पुढच्या साली परत व्यापारीच.

खजिनदारबाई

अहो, त्या बाई आमच्या विंगच्या निघायच्या! विचारते ग्रुपवर. यंदा देणार का पाठवून?

बेदाणा

द्राक्षाला अवकाश आहे, यंदा पावसानं बागेची लई वाट लावलीय. बेदाणा हाय.

बाई_आष्टीच्या

डबे भरता भरता लिहितेय, सांभाळून घ्या.

प्लग वगैरे लांबची गोष्ट. झेडपीची शाळा, वर्गात २७ लेकरं, स्मार्टफोन ८ घरी. वरून 'शाळा बंद पण शिक्षण सुरू'. मी रोज सकाळी ग्रुपवर अभ्यास टाकायचे. फोन बापाच्या खिशात, बाप रानात. अभ्यास पोराच्या हाती पडायचा रात्री, बाप जेवायला बसल्यावर. साडेनऊनंतर माझा फोन टिंगटिंग वाजायला लागायचा. वहीचे फोटो. बाजेवर वही, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा, एकदा तर वहीच्या पानावर शेळीचं तोंड. झूम करकरून भागाकार तपासले मी.

ज्यांच्याकडे साधा फोन त्यांना कॉन्फरन्सवर घ्यायचे. एका वेळी पाच जण. सातचा पाढा म्हणायला लावला की एकाचा आवाज आधी पोचायचा, दुसऱ्याचा मागून. कोणी पस्तीसवर, कोणी बेचाळीसवर आणि एक जण नुसता "बाई, ऐकू येतंय का". मी बीडात खोलीत बसून एकटीच हसायचे. नंतर जुलैपासून टीव्हीवर सह्याद्री वाहिनीला 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायला लागली, तो मोठा आधार. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीत सगळी पोरं.

एक मुलगी होती चौथीतली. हुशार. आईबाप ऊसतोडीला, ही आजीपाशी. ती रोज मिस्ड कॉल द्यायची, मी उलटा फोन करायचे आणि ती मला धडा वाचून दाखवायची. ऑगस्टात मिस्ड कॉल बंद झाला. आजीचा रिचार्ज संपला होता, येणारे कॉलपण बंद. मी रिचार्ज मारला तोवर ती कारखान्यावर गेली होती आईसोबत. हंगामाआधीच.

बाकीचं नंतर लिहिते, पोळी करपली.

चहाबिस्किट

बाई, सावकाश लिहा. पण त्या मुलीचं पुढे काय झालं ते नक्की लिहा.

निवांत_नाना

शेळीने तपासून दिली असेल वही.

वऱ्हाडी_टोकन

आमाले वर्क फ्रॉम होम नव्हतंच भाऊ. बँकेत आहो, यवतमाळकडे. एप्रिलात जनधनच्या बायकांच्या खात्यात पाचशे रुपये आले. खात्याचा शेवटचा आकडा पाहून तारखा लावल्या होत्या, शून्य-एकवाल्यांनी ३ एप्रिलला, दोन-तीनवाल्यांनी ४ ला, असं. पण कोणीतरी उठवलं का काढले नाही तर सरकार पैसे वापस घेते. झालं! सकाळी सातपासून सगळे आकडे एकाच रांगेत. चुन्याचे गोल आखले होते, बायका त्या गोलात चपला ठेवून झाडाखाली बसत. चपला बरोबर अंतर पाळून उभ्या, बायका सगळ्या एकमेकीच्या खांद्याला खांदा लावून.

मशीन अंगठा घेईना. आधी सॅनिटायझर, मंग बोट ओलं, मंग पदराले पुसणं, मंग पदराची धूळ, की परत सॅनिटायझर. त्यात कापूस वेचून वेचून रेषाच गेलेल्या. एका आजीचे दाही बोटं लावून पाहिले. दहावं चाललं. डाव्या हाताची करंगळी. ते आजी मले म्हणे, "पोरा, हे बोट घरी जपून ठेवतो आता."

घरी गेल्यावर बायको दारातूनच पाईपनं पाणी मारे. दोन महिने ढोरांच्या कोठ्याबाजूच्या खोलीत झोपलो.

पावकिलो

करंगळी!! यावरून आठवलं, माझा फोन मास्क लावला की तोंड ओळखायचा नाही, लिफ्टमध्ये मास्क खाली करून अनलॉक करायचे. आणि यीस्टचं कोणीच सांगितलं नाही.

खजिनदारबाई

इनो घाला की.

पावकिलो

इनोने ढोकळा होतो, पाव नाही. करून बघितलाय, म्हणून सांगते. दाराला अडसर म्हणून वापरला.

सुपारीचं_खांड

आम्ही शहाणे ठरलो होतो. मे महिन्यात ई-पास काढून मुंबईहून श्रीवर्धनला गावी गेलो. १४ दिवस शाळेत क्वारंटाइन, मग घरच्या पडवीत लॅपटॉप, समोर वाडी, पाठी समुद्राचा आवाज. ऑफिसातले जळायचे. "बॅकग्राउंड खोटी लावलीयस ना?" विचारायचे.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी दोनेक तास. कौलं पत्त्यांसारखी उडाली, आम्ही सात जण देवघराच्या कोपऱ्यात. वाऱ्याचा आवाज थांबल्यावर बाहेर आलो तर वाडीच नाही. आजोबांनी लावलेल्या सुपाऱ्या, सगळ्या एका दिशेला झोपवलेल्या. बाबा काही बोलले नाहीत, एकेक खोड हाताने चाचपत फिरत होते.

वीज गेली ती गेलीच, टॉवरपण. सहाव्या दिवशी कोणीतरी सांगितलं की टेकडीवर उभं राहिलं की रेंजच्या दोन काड्या येतात. गेलो. फोन गाडीवर चार्ज करून घेतलेला. एकदम दोनशेच्या वर मेसेज आणि त्यात मॅनेजरचे नऊ. पहिला "कॉलला का नाहीस?", शेवटचा "तुझ्या अनुपस्थितीची नोंद घेतली आहे". मी टेकडीवरून पडलेल्या वाडीचा फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

सुट्ट्या कापल्या. कंपनीचं नाव नको, सोडली मी ती.

चहाबिस्किट

अंगठा!! काय माणसं असतात. बाबा कसे आहेत आता?

सुपारीचं_खांड

बरे आहेत. नवी रोपं लावलीत. सुपारी धरायला वेळ आहे अजून, पण मधल्या जागेत केळी लावून पोटापुरतं चालू आहे.

एडिसनकर

लिहू की नको असं चाललं होतं. इकडे रात्रीचे दोन वाजलेत.

एप्रिल २०२१. बाबा नाशिकला दवाखान्यात, मी न्यू जर्सीत. भाऊ स्वतःच पॉझिटिव्ह, घरात बंद. वॉर्डातली एक सिस्टर दिवसातून एकदा स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायची. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, त्यामुळे बाबा धुक्यात असल्यासारखे दिसायचे. शेवटच्या कॉलवर मी विचारलं, काही हवंय का. मास्क थोडा बाजूला करून म्हणाले, "गॅसचा नंबर लावलाय. सिलेंडर आला की ओटीपी माझ्या फोनवर येईल. आईला सांग."

हे त्यांचं शेवटचं वाक्य. मी खूप दिवस वेगळं काहीतरी असायला हवं होतं असं म्हणत राहिलो.

चार दिवसांनी त्यांचं सामान आलं. चष्मा, कवळी, फोन. भावाने फोन चार्जिंगला लावला आणि सुरू झाल्यावर पहिला मेसेज तोच. गॅसवाला आदल्या दिवशी येऊन परत गेला होता. त्यांचं सिमकार्ड अजून चालू आहे, दर महिन्याला मी इथून रिचार्ज करतो. गॅसही अजून त्यांच्याच नावावर आहे. नंबर बदलायला भाऊ दोनदा कागद घेऊन गेला आणि दोन्ही वेळा तसाच परत आला.

वऱ्हाडी_टोकन

भाऊ.

बाई_आष्टीच्या

राहू द्या सिम. काही घाई नाही.

लोकलकर_८५२

एडिसनकर, _/\_

मी इस्पितळात लॅबमध्ये. अत्यावश्यक म्हणून २०२० च्या १५ जूनपासून लोकलला चढायला मिळालं. आयुष्यभर चौथ्या सीटसाठी भांडले आणि डब्यात आम्ही अकरा जणी. सगळ्या बसायला जागा असून दारात उभ्या. सवय. ऑक्टोबरात नवरात्रात सगळ्या बायकांना अकरा ते तीन परवानगी मिळाली, त्या दिवशी आमच्या डब्यात एक अनोळखी बाई खिडकीशी बसून ठाणे ते सीएसएमटी रडत होती. कोणी काही विचारलं नाही. मशीद बंदरला तिने डबा उघडून सगळ्यांना साबुदाणा वडा दिला. मास्क काढावा लागेल म्हणून कोणीच तिथे खाल्ला नाही, पण सगळ्यांनी रुमालात बांधून घेतला.

तारतोड्या

इलेक्ट्रिशियन आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. चहाबिस्किट, तो बोर्ड ६ अँपिअरचा असेल तर इस्त्रीने त्याची वायर तापेल, पण मेन एमसीबी लगेच पडायला नको. त्याच वेळी आणखी काही मोठं चालू होतं का? गिझर, मिक्सर? आणि पाच वर्षं माळ्यावर पडलेला बोर्ड परत वापरू नका.

पावकिलो

लस, स्लॉट, पिनकोड यावर कोणीच लिहिलं नाही? २०२१ च्या २८ एप्रिलला चार वाजता लसीची नोंदणी उघडणार म्हणून घरातले चार फोन घेऊन बसलो होतो. मला स्लॉट मिळाला तो घरापासून पासष्ट किलोमीटरवरच्या खेड्यात. गेले तर सगळी रांग पुण्याच्या गाड्यांची. गावातले लोक कट्ट्यावर बसून आमच्याकडे बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "आमची लस घेऊन जाता, निदान चहा तरी घेऊन जा." घेतला. अजून घशात आहे तो चहा.

बाई_आष्टीच्या

ती मुलगी : दोन वर्षं आली नाही. मग आली, वयानुसार थेट सातवीत बसवली. यंदा दहावीला आहे, दुसऱ्या शाळेत. परवा बाजारात भेटली, तिच्याकडे आता स्वतःचा फोन आहे. माझा नंबर पाठ होता तिला. मिस्ड कॉल द्यायची ना रोज.

चहाबिस्किट

सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. एडिसनकरांच्या इथे थांबायला सांगून देवापाशी दिवा लावून आल्या. मग तारतोड्या यांचं ऐकून म्हणाल्या, "बघ, मी तेव्हाच सांगत होते, इस्त्रीने नाही गेली लाइट."

निवांत_नाना

मग मिक्सर कोण चालवत होतं?

चहाबिस्किट

हळू बोला.

महिनाअखेरचं काम होतं हे खरं, पण एक्सेल अडकलं होतं, म्हटलं तेवढ्यात इडलीचं वाटून घेऊ.

निवांत_नाना

फोन काकूंना द्या.