कॉलेज आइस हॉकी: बरोबरीचा निकाल शूटआउटवर लावावा का?

निळीरेषा
बॉस्टनची बीनपॉट स्पर्धा, अंतिम सामना, फेब्रुवारी २०२३. नॉर्थईस्टर्न आणि हार्वर्ड ६० मिनिटांनंतर २-२. तीन विरुद्ध तीनच्या (गोलरक्षक वेगळे) पाच मिनिटांच्या ओव्हरटाइममध्येही कोंडी फुटली नाही, म्हणून शूटआउट (एकेका खेळाडूची फक्त गोलरक्षकाशी झुंज) झालं आणि नॉर्थईस्टर्नने चषक उचलला. एनसीएएच्या (अमेरिकी कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) दप्तरी मात्र तो सामना बरोबरीत सुटला. चषक एकाला, नोंद दोघांची!

ज्यांना पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नियमित मोसमात २०२०-२१ पासून सगळीकडे तीन विरुद्ध तीन, पाच मिनिटं, पहिला गोल झाला की सामना संपला. तरीही बरोबरी राहिली तर राष्ट्रीय हिशेबात ती बरोबरीच. त्यापुढे शूटआउट घ्यायचं की नाही हे कॉन्फरन्स (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) ठरवते, आणि ते फक्त तिच्या गुणतक्त्यापुरतं मोजलं जातं. प्रचलित वाटणी अशी: ६० मिनिटांत जिंकलात तर ३ गुण. ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटवर जिंकलात तर २, आणि तिथे हरणाऱ्याला १. राष्ट्रीय स्पर्धेत शूटआउट नाहीच. तिथे पाच विरुद्ध पाच, २०-२० मिनिटांचे डाव, गोल होईपर्यंत.

माझं मत: शूटआउट पूर्ण काढून टाकावं. ६५ मिनिटं सहा जणांनी मिळून केलेल्या कामाचा निकाल एकेकट्याच्या कसरतीवर लावणं मला पटत नाही.

क्रीजमधला
"कसरत" म्हणण्याआधी त्यात काय घडतं ते बघा. पक (खेळातली रबराची चकती) मध्यबिंदूवर ठेवलेला असतो. खेळाडूने तो उचलला की पक सतत गोलरेषेकडे सरकत राहिला पाहिजे. फटका एकदाच, रिबाउंड (अडून परतलेल्या पकवर पुन्हा फटका) नाही. गोलरक्षक आधी क्रीजच्या (गोलसमोर त्याच्यासाठी आखलेल्या जागेच्या) पुढच्या कडेपर्यंत किंवा थोडा बाहेर येतो, कोन बंद करतो आणि समोरच्याच्या वेगाशी वेग जुळवत मागे सरकतो. लवकर मागे गेला तर वरचे दोन्ही कोपरे उघडे पडतात. उशीर केला तर हुलकावणी देऊन पक त्याच्या बाजूने नेला जातो. स्टिक पुढे खुपसून पक उडवायला गेला आणि अंदाज चुकला, तर मागे रिकामी जाळी. हे सगळं सामन्यात गोली एकटा सापडतो तेव्हा असंच घडतं. शूटआउट आकाशातून पडलेलं नाही.

आणि पेनल्टी शॉट तर खेळाच्या नियमातच आहे. महिलांचा २०२५ चा राष्ट्रीय अंतिम सामना आठवा. ओहायो स्टेट ३-२ ने पुढे, शेवटची १८.९ सेकंदं उरलेली. क्रीजमध्ये हाताने पक झाकल्याबद्दल विस्कॉन्सिनला पेनल्टी शॉट मिळाला, कर्स्टन सिम्सने तो मारला, आणि ओव्हरटाइममध्ये विजयी गोलही तिनेच केला. त्या विजेतेपदाला कुणी कसरत म्हणालं नाही.

निळीरेषा
@क्रीजमधला, उदाहरण चांगलं आहे, पण तुमच्याच विरुद्ध जातं. तो शॉट नुकसानभरपाई होती. नियमभंगाने हुकलेली संधी परत दिली गेली. आणि त्यातून फक्त बरोबरी झाली, सामना पुढे खेळूनच सुटला. शूटआउटमध्ये कोणी काय गुन्हा केलेला असतो?

हिशेबनीस
दोघांनीही आकड्यांना हात लावला नाही, म्हणून मी लावतो. व्यावसायिक हॉकीत साधारण तीनातला एक प्रयत्न गोल होतो. दोन्ही संघांचं प्रमाण तेवढंच धरलं, तर तीन-तीन प्रयत्नांनंतरही बरोबरी राहण्याची शक्यता ३३.६ टक्के. म्हणजे दर तीनातलं एक शूटआउट पुढे एकेका प्रयत्नाच्या फेरीत जातं.

आता एक संघ खरोखर सरस समजा: त्याचे ४० टक्के प्रयत्न यशस्वी, समोरच्याचे ३० टक्के. ही तफावत मोठी आहे. तरीही तो सरस संघ १०० पैकी ६३ वेळाच जिंकतो. तिनाऐवजी पाच-पाच प्रयत्न दिले तर ६३ चे ६५ होतात, बस्स. तेव्हा "प्रयत्न वाढवा म्हणजे न्याय होईल" हा नेहमीचा तोडगा कागदावरच टिकत नाही.

पण यातून शूटआउट वाईट ठरत नाही. ६५ मिनिटं ज्यांच्यात फरक दिसला नाही, त्यांच्यात पुढे जवळपास नाणेफेक झाली तर अन्याय कुणावर झाला? आणि पणाला काय, तर तीनातला एक गुण.

चढाईपटू
आपल्याकडचे दोन नियम इथे कामाला येतील. खो-खोत बरोबरी झाली तर लघुत्तम आक्रमण: दोघांना एकेक आक्रमण, पहिला गडी ज्याने कमी वेळात बाद केला तो जिंकला. कबड्डीत पाच-पाच चढाया, दोन्हीकडे सातही खेळाडू मैदानात, तरी बरोबरी तर सुवर्ण चढाई. दोन्हीत खेळ आखूड होतो, पण खेळ तोच राहतो. पाठलाग करणारे नऊ असतात, पकड करणारे सात असतात. बर्फावरच्या शूटआउटमध्ये बचावफळी बाकावर बसून बघत असते.

मैदानी हॉकीचं म्हणाल, तर पॅरिस २०२४ च्या उपांत्यपूर्व फेरीत भारताने ब्रिटनला १-१ नंतर शूटआउटमध्ये ४-२ ने हरवलं. श्रीजेशचं कौतुक करताना आपल्यापैकी एकालाही ते बेकायदा वाटलं नव्हतं, हेही मान्य करतो. :)

क्रीजमधला
मैदानी हॉकीत २३ मीटरच्या रेषेवरून आठ सेकंदं मिळतात आणि त्या वेळात रिबाउंडही मारता येतो. आइस हॉकीत पक एकदा अडला की संपलं. नाव एक असलं तरी प्रकार दोन.

शुक्रवार_शनिवार
इथे सगळे न्यायाचं बोलतायत, मी वेळापत्रकाचं बोलतो. कॉलेज हॉकीत नियमित मोसमाचे ३४च्या आसपास सामने, बहुतेक शुक्रवार-शनिवार अशा जोड्यांनी, त्याच प्रतिस्पर्ध्याशी. शुक्रवारी रात्री गोल होईपर्यंत खेळवलं तर शनिवारच्या सामन्याची वाट लागते. पाहुणा संघ बसने आलेला, रविवारी परत जाणार, सोमवारी वर्ग. शूटआउट दहा मिनिटांच्या आत उरकतं.

न संपणारा ओव्हरटाइम काय करतो ते पाहायचं असेल तर २७ मार्च २०२१, फार्गो. मिनेसोटा ड्युलूथ विरुद्ध नॉर्थ डकोटा, राष्ट्रीय स्पर्धा. नॉर्थ डकोटाने शेवटच्या दोन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली, पहिल्या ओव्हरटाइममधला ड्युलूथचा गोल व्हिडिओ पाहून ऑफसाइड ठरला, आणि सामना पाचव्या ओव्हरटाइमपर्यंत लांबला. १४२ मिनिटं १३ सेकंदं. ड्युलूथच्या गोलीने ५७ फटके अडवले, शेवटी पायात गोळे आले म्हणून तो बाहेर आला आणि उरलेलं काम राखीव गोलीने केलं. ड्युलूथ ३-२ ने जिंकलं. पुढच्या सामन्यात, फ्रोझन फोरमध्ये (राष्ट्रीय उपांत्य फेरीत), मॅसॅच्युसेट्सकडून ओव्हरटाइममध्येच हरलं.

निळीरेषा
त्या दोन सामन्यांमध्ये बारा दिवसांचं अंतर होतं. ती हार थकव्याच्या खात्यावर घालू नका.

शुक्रवार_शनिवार
बरं, मग अंतर नसलेली उदाहरणं घ्या. कॉलेज हॉकीतले दोन सर्वांत लांब सामने: ६ मार्च २०१५, मॅसॅच्युसेट्सने नोटर डेमला १५१ मिनिटं ४२ सेकंदांत ४-३ ने हरवलं. १२ मार्च २०१०, क्विनिपिॲकने युनियनला १५० मिनिटं २२ सेकंदांत ३-२ ने. दोन्ही शुक्रवारी, तीनातले दोन जिंकायच्या मालिकेतला पहिला सामना. आणि दोन्ही वेळा पहाटेकडे झुकलेल्या रात्री जिंकलेला संघ पुढचे दोन हरून मालिकेतून बाहेर गेला. एवढं रक्त आटवून काय मिळालं?

हिशेबनीस
दोन उदाहरणांवरून नियम निघत नाही. हरलेलेही तेवढीच मिनिटं खेळले होते, आणि दोन्ही वेळा यजमान तेच होते.

शिवाय न संपणारा ओव्हरटाइम बहुतेक वेळा लवकर संपतो. २०२३ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात क्विनिपिॲकने मिनेसोटाला ओव्हरटाइमच्या दहाव्या सेकंदाला हरवलं. सुरुवातीचा फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं), ठरवलेली चाल, गोल. बाद फेरीत प्रत्येक डावाआधी पूर्ण विश्रांती आणि झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र) फिरून नवा बर्फ असतो, म्हणून तिथे पाच विरुद्ध पाच चालतं. नियमित मोसमात ते परवडणार नाही, एवढं मी शुक्रवार_शनिवार यांच्याशी सहमत.

झांबोनी
नाव निघालंच आहे तर बर्फाविषयी. तिसरा डाव आणि ओव्हरटाइम मिळून २५ मिनिटं स्केट्सनी खरवडलेल्या पृष्ठभागावर शूटआउट होतं. मधल्या पट्ट्यात पांढरी भुकटी साचते, ती झाडली नाही तर पक गुळगुळीत घसरत नाही, अडखळतो, कडेवर उभा राहतो. पक पटापट डावी-उजवीकडे फिरवणाऱ्याचा तो स्टिकखालून निसटतो आणि फटका न मारताच प्रयत्न वाया जातो. सोपा उपाय: शूटआउटच्या मार्गावरून फावडी फिरवा आणि पहिल्या तिघांत दुरून मनगटी फटका मारणारे ठेवा. ज्यांना फक्त हुलकावणी येते त्यांना नवा बर्फ लागतो.

दोनखाती
मूळ दुखणं बाजूलाच राहिलं. अडचण शूटआउटची नाही, दोन खात्यांची आहे. कॉन्फरन्सच्या तक्त्यात ओव्हरटाइमचा विजय आणि शूटआउटचा विजय, दोन्हीला २ गुण. राष्ट्रीय क्रमवारीत ओव्हरटाइमच्या विजयाला पूर्ण विजयापेक्षा कमी वजन, तरी विजय. शूटआउट म्हणजे बरोबरी. राष्ट्रीय स्पर्धेच्या १६ जागांपैकी सहा कॉन्फरन्स विजेत्यांच्या, उरलेल्या दहा क्रमवारीने. नवव्या-दहाव्या जागेसाठी झगडणाऱ्याला हा फरक पुरतो.

आता दुबळ्या संघाच्या डोक्यात शिरा. बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी बरोबरी झाली की क्रमवारीत फायदा झालाच. वर शूटआउटमध्ये जवळपास निम्मी शक्यता एका गुणाची. मग ओव्हरटाइममध्ये धोका कशाला पत्करायचा? पक मिळाला की मध्यरेषेच्या मागे न्यायचा, गोल फिरायचं, दमलेले बदलायचे, पुन्हा फिरायचं. पाच मिनिटं अशी सहज जातात. तीन विरुद्ध तीन मुळात गोल व्हावेत म्हणून आणलं, आणि आपण शूटआउटचं बक्षीस पुढे टांगून तेच गोठवलं.

क्रीजमधला
हे पटलं. पण मग शूटआउट काढायचं, की राष्ट्रीय क्रमवारीतही मोजायचं?

दोनखाती
काढायचं. ओव्हरटाइम दहा मिनिटांचा करायचा आणि बास्केटबॉलसारखा नियम घालायचा: पक एकदा मध्यरेषेपुढे नेला की स्वतःहून मागे आणता येणार नाही. आणला तर फेसऑफ आपल्याच क्षेत्रात.

शुक्रवार_शनिवार
दहा मिनिटं म्हणजे तेच सात-आठ खेळाडू आलटून पालटून. ३५-४० सेकंदांच्या वर या मोकळ्या बर्फावर कुणी टिकत नाही. शेवटच्या तीन मिनिटांत दमलेल्या पायांनी स्टिक अडकवून पाडापाडी होईल. आणि पेनल्टी झाली की तीन विरुद्ध दोन होत नाही, समोरच्याला चौथा खेळाडू मिळतो. चार विरुद्ध तीनमध्ये गोल ठरलेलाच म्हणा. म्हणजे निकाल पंचाच्या शिट्टीवर. त्यापेक्षा शूटआउट प्रामाणिक.

निळीरेषा
दमलेल्याने केलेली चूक हा खेळाचाच भाग आहे. तिसऱ्या डावातही तेच होतं की. आणि जागतिक संघटनेनेही दिशा बदलली आहे. २०१८ च्या ऑलिंपिकचं महिलांचं सुवर्णपदक शूटआउटवर ठरलं. निर्णायक गोल नॉर्थ डकोटाची माजी विद्यार्थिनी जोसलिन लामुरू-डेव्हिडसनचा, शेवटचा बचाव ड्युलूथच्या मॅडी रूनीचा, म्हणजे दोघी कॉलेज हॉकीच्याच. २०२२ पासून सुवर्णपदकाच्या सामन्यात गोल होईपर्यंत तीन विरुद्ध तीन.

हिशेबनीस
सुवर्णपदकाच्या सामन्यापुरतं. बाकीच्या फेऱ्यांत शूटआउट ठेवलंच आहे.

चढाईपटू
@दोनखाती, दहा मिनिटांनंतरही बरोबरीच राहिली तर?

दोनखाती
दीड-दीड गुण आणि घरी.

शुक्रवार_शनिवार
दीड? गुणतक्त्यात अर्धा गुण आला तर होईल अशी पंचाईत, की त्यापेक्षा सगळंच दुप्पट करा. ६-४-२ आणि बरोबरीला ३-३. याला माझी हरकत नाही, फक्त मागे न नेण्याचा तो नियम आधी मोसमापूर्वीच्या सराव सामन्यांत लावून बघा. दोन लाइन्समनना मध्यरेषाही सांभाळायला लागली, तर निळ्या रेषेवरचे ऑफसाइड कोण पकडणार?