देखाव्याच्या फलकावर ‘खेळणी’ नको

सी-१०२: यंदा सोसायटीच्या गणपतीच्या देखाव्यात प्रवरेकाठच्या दायमाबाद गावात सापडलेले धातूचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. कागदाच्या लगद्याचे करतोय. फलकावर ‘चार हजार वर्षांपूर्वीची मुलांची खेळणी’ असं लिहू का?

बी-३०४: ताई, ‘खेळणी’ नको, कृपया. मूळ चारही वस्तूंचं मिळून वजन ६० किलोच्या वर आहे. धातूचं भरीव ओतकाम. मूल ते ओढणार कसं?

ए-२०१: पण काका, चाकं आहेत ना? हडप्पाच्या मातीच्या गाड्यांना खेळणीच म्हणतात.

बी-३०४: त्या हातात मावतात. इथे नुसता रथच ४५ सेंटिमीटर लांब. दोन बैल जुंपलेत, मागे माणूस उभा. त्याचा तोल बघितलास ना, की कळतं, ओतणारा कसला कसबी होता! काही अभ्यासकांच्या मते हे मिरवणुकीत ओढत असावेत. मलाही तेच पटतं. पण ठाम पुरावा नाही, म्हणून फलकावर तेही ठाम लिहू नये.

डी-४०२: माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं. प्रवरेकाठची ती पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, आम्हाला माहीत होती. पोरांनो, हे नक्की करा 🙏

ए-२०१: आजी, भारीच! काका, उत्खनन झालंय तर उपयोग कसा कळला नाही?

बी-३०४: तिथेच तर अडलंय. हे उत्खननात मिळालेच नाहीत. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना सापडले. बाहेर काढताना भोवती काय होतं, कोणत्या थरात होतं, याची नोंद झाली नाही. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळींचं तिथलं मोठं उत्खनन त्यानंतरचं, १९७५ ते ७९. त्यांनी हा ठेवा उत्तर हडप्पा काळाशी (हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्याशी), म्हणजे इ.स.पू. २०००च्या आसपासच्या काळाशी जोडला. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांना मात्र या काळाबद्दल शंका होती. धातूत आर्सेनिक १ टक्क्याहून जास्त आहे आणि ताम्रपाषाण काळातल्या (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे त्या काळातल्या) इतर वस्तूंत तसं दिसत नाही. म्हणून ‘चार हजार वर्षं’च्या आधीही ‘बहुधा’ हवं.

सी-१०२: मग असं चालेल का? ‘दायमाबादचा धातूचा ठेवा. बहुधा ४००० वर्षांपूर्वीचा. कशासाठी घडवला, हे अजून कळलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?’ खाली मुलांना चिठ्ठ्या टाकायला डबा ठेवते.

बी-३०४: उत्तम! आणि हत्तीला चाकं लावू नका. मूळ हत्तीची चाकं मिळालेली नाहीत. नुसता चौथऱ्यावर उभा करा.

सी-१०२: बरं झालं सांगितलंत, लगदा आजच भिजत घालणार होते.