सुट्टीनंतर वाचन परत धरायचंय, खानदेशातली पुस्तकं सुचवा

तापीकाठ: मे महिन्याची सुट्टी संपली, शाळा उघडली. घरात आम्ही दोघं आणि आठवीतला मुलगा. तिघांचंही वाचन सुटलंय. आपल्याकडच्या लेखकांपासून सुरुवात करावी म्हणतो. क्रम सांगा. नेमाड्यांची ‘हिंदू’ आणून ठेवली आहे.

केळीबाग: भाऊ, ‘हिंदू’ सध्या कपाटातच राहू द्या. जाडजूड कादंबरी, सुरुवातच मोहेंजोदडोच्या उत्खननात, आणि खंडेरावाच्या आठवणींना फाटे फुटत जातात. सवय सुटलेला वाचक पहिल्या शंभर पानांत थकतो आणि नेमाडे त्याला कायमचे दुरावतात. आधी ‘कोसला’ (१९६३) घ्या. कथानक शोधत बसलात तर अडकाल. पांडुरंग सांगवीकर समोर बसून बोलतोय, असं धरून वाचा. रोज चार-चार पानं करू नका, त्या बोलण्याची लय तुटते; रविवारी एका बैठकीत पन्नास-साठ पानं होऊ द्या. मग चांगदेव चतुष्टय, म्हणजे नेमाड्यांच्याच सलग चार कादंबऱ्या, याच क्रमानं: ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’. वाचनालयात बहुतेकदा मधलाच भाग हाती लागतो. तो उचलू नका, ‘बिढार’साठी नंबर लावून ठेवा.

गिरणाकाठ: मुलासाठी ‘श्यामची आई’. गोष्टी कोकणातल्या, पण साने गुरुजी अमळनेरचे शिक्षक. पुस्तकात प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत, एकूण ४२. जेवणं झाली की एक रात्र मोठ्यानं वाचायची, वाचणारा रोज बदलायचा. सहा आठवड्यांत पुस्तक संपतं. त्याला आवडलं म्हणून एका दमात तीन-चार रात्री वाचू नका. सगळ्यांचा गहिवर एकच होऊन जातो. सोबत धरणगावच्या बालकवींचा ‘औदुंबर’ द्या. आठच ओळी आहेत, सहज पाठ होईल.

तापीकाठ: बहिणाबाई? मुलगा म्हणतो, हे अशुद्ध मराठी आहे.

केळीबाग: अशुद्ध नाही, ती लेवा गणबोली आहे, आणि तिचे नियम पक्के आहेत. पेन्सिल घेऊन त्याला शोधायला लावा: ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’. डोळा म्हणजे डोया, पाणी म्हणजे पानी, ओढाळ म्हणजे वढाय. हे तीन शब्द समासात लिहून दिले की पुढचे तो स्वतःच काढेल. मुद्रित पान नुसतं डोळ्यांनी वाचलं तर मात्र अडखळायला होतं. जात्यावरची, शेतातली गाणी आहेत ती; मोठ्यानं म्हणतच वाचावीत. एका वेळी दोन पुरेत.

गिरणाकाठ: आणि ताईंनाही सांगा, बहिणाबाईंच्या बोलीला अहिराणी म्हणू नका. ही गल्लत फार होते. आसोदा, यावल, रावेर हा पट्टा लेवा बोलीचा. अहिराणी ऐकायची तर धुळे, चाळीसगाव, अमळनेरकडे. अहिराणीचा कोश हाताशी घेऊन ही गाणी लावत बसलात तर निम्मे शब्द सापडणार नाहीत.