पप्पांच्या पोटावरची पिशवी टिकतच नाहीये, मदत हवी आहे

होटगीरोड८८: पप्पांना ऑपरेशननंतर पोटावर मळ गोळा करायची तात्पुरती पिशवी लावलीय. आठवड्यात चार प्लेटी (पिशवी कातडीला चिकटवायच्या चकत्या) गेल्या. रात्री चादर भिजते, कातडी लालभडक सोललीय. चांगली पिशवी कुठली, तेवढंच सांगा. लवकर.

चाटीगल्ली: कसलं ऑपरेशन? पिशवी उजवीकडे की डावीकडे? किती दिवस झाले?

होटगीरोड८८: गुदाशयाचा कॅन्सर. उजवीकडे. १९ दिवस. त्यानं काय फरक पडतो?

चाटीगल्ली: पडतो की. उजवीकडची म्हणजे बहुतेक लहान आतड्याची. तिथलं पातळ असतं, त्यात पाचक रस, म्हणून कातडी जळते. माझ्या आईला होती. प्लेटला भोक केवढं कापता? सूज उतरते तसा स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, आक्रसतो. पहिल्या दिवसाच्या मापानं कापत राहिलात तर भोवतीची कातडी उघडी राहते. दर खेपेला मोजा, दोन-तीन मिमीच जास्त ठेवा.

मावशी_सोलापूर: खोबरेल लावा, लगेच थंड पडतं.

चाटीगल्ली: मावशी, तेलावर प्लेट चिकटायची कशी?

सातरस्ता: महात्मा फुले योजनेचं कार्ड काढलंय का? आमच्या काकांचं बायपासचं काम झालं त्यात.

होटगीरोड८८: कार्डाचं कुणी विचारलं?

भाकरीवाला: कायमची नाही ना, मग काढूनच टाका म्हणावं.

चाटीगल्ली: ऑपरेशनमध्ये केलेला आतड्याचा आतला जोड भरेपर्यंत मळ तिकडे जाऊ नये म्हणून असते ती. आईची अडीच महिन्यांनी बंद केली, तीही एक्स-रे फोटो काढून जोड गळत नाही ना बघून. आणि होटगीरोड, शेंगाची चटणी सध्या बंद. दाण्याचा चुरा अडकतो.

भाकरीवाला: सोलापुरात राहून चटणी बंद? भाकरी कशाशी खायची मग?

चाटीगल्ली: दिवसात किती वेळा रिकामी करता? लघवी होते का?

होटगीरोड८८: दहा-बारा वेळा. लघवी सकाळपासून एकदाच, गडद पिवळी. पायात गोळे येतायत. ऊन ४३ आहे, त्याचंच असेल. पाणी भरपूर पाजतोय.

चाटीगल्ली: उन्हावर ढकलू नका! पिशवीतून दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं की मीठ-पाणी दोन्ही जातं, किडनीवर येतं. नुसत्या पाण्यानं उलट जास्त बाहेर पडतं. ओआरएस द्या, मापाच्या भांड्यात मोजा, आणि आत्ताच सर्जनला फोन करा.

मावशी_सोलापूर: ताक द्या की मीठ घालून. आमच्याकडे सगळ्यांना चालतं.

चाटीगल्ली: ताक नंतर. आधी रक्तात सोडियम आणि क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं कळतं) तपासा.

होटगीरोड८८: मोजलं. सकाळपासून दुपारपर्यंतच चौदाशे मिली. सर्जन म्हणाले घेऊन या. रिक्षा दारात आलीय. पिशवीचं रात्री बघू.